पेज, सॅचेल

(७ जुलै १९०६—८ जून १९८२). अमेरिकन बेसबॉलपटू, विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ पिचरांपैकी (बॅटरला चेंडू टाकणारे खेळाडू) एक. पूर्ण नाव लेरॉय रॉबर्ट पेज. जन्म अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या शहरी. कृष्णवर्णीयांना मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेची दारे बंद होती, त्या काळात उभ्या राहिलेल्या नीग्रो लीगमध्ये (कृष्णवर्णीय संघांच्या स्पर्धा) आणि त्याहूनही अधिक गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत पेज यांच्या उमेदीची वर्षे गेली. मेजर लीगमध्ये त्यांना पहिली संधी मिळाली ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ‘बेसबॉल हॉल ऑफ फेम’मध्ये (थोर खेळाडूंचे सन्मानदालन) निवड (१९७१). पेज यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग जिथे धावपुस्तक नियमाने ठेवले जात नव्हते अशा मैदानांवर घडला. त्यामुळे त्यांच्या चरित्रातील जवळजवळ प्रत्येक आकडा, जन्मवर्षापासून विजयांच्या संख्येपर्यंत, तपासून घ्यावा लागतो.

जन्मतारीख : या प्रश्नाचा अभ्यासकांनी बराच काथ्याकूट केला आहे. मोबीलच्या आरोग्य खात्यातील जन्मदाखल्यावर ७ जुलै १९०६ ही तारीख आहे. १९४८ मध्ये क्लीव्हलंड संघाचे मालक बिल व्हीक यांनी पेज कुटुंबीयांच्या मदतीने हा दाखला पाहिला आणि तेव्हापासून हीच तारीख सर्वसाधारणपणे ग्राह्य धरली जाते. तिला पहिला छेद दिला तो पेज यांच्या आईनेच. १९५९ मध्ये एका वार्ताहराला तिने सांगितले, की मुलाचे वय त्रेपन्न नसून पंचावन्न आहे आणि आपण ते बायबलमध्ये लिहून ठेवले होते. त्या बायबलविषयी पेज स्वतः निराळीच हकीकत सांगत. आजोबा झाडाखाली बायबल वाचत असताना शेळीने ते खाल्ले आणि नोंद गेली, असे त्यांचे म्हणणे. ही हकीकत त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारे सांगितली, की तिला पुराव्याचे मोल उरलेले नाही.

अलाबामात राज्यभर जन्मनोंदणी सुरू झाली ती १९०८ पासून. त्याआधीच्या नोंदी स्थानिक पातळीवर होत आणि गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांच्या बाबतीत त्या अनेकदा होतही नसत. त्यामुळे १९०६ च्या दाखल्याकडे काहींनी संशयाने पाहिले आहे. मात्र दाखल्यावर आडनाव जुन्या वर्णलेखनानुसार आहे. रोमन लिपीत आडनावात एक ‘आय’ वाढवण्याचा निर्णय कुटुंबाने १९२० च्या दशकात, बहुधा दशकाच्या उत्तरार्धात, घेतला. म्हणजे ही नोंद पेज प्रसिद्धीस येण्यापूर्वीची असावी आणि ती करणाऱ्याला वय लपवण्याचे वा वाढवण्याचे काही कारण नव्हते. पन्नासहून अधिक वर्षांनी सांगितलेल्या आठवणीपेक्षा हा पुरावा बळकट मानणे सयुक्तिक वाटते. प्रस्तुत नोंदीत १९०६ हेच वर्ष धरले आहे. पेज यांच्या ज्या विक्रमांचे मोल वयावर ठरते, ते सर्व या एका तारखेवर अवलंबून आहेत.

वयाचे गूढ पेज यांनी हयातभर जपले आणि व्हीक यांच्यासारख्या मालकांनी तिकीटविक्रीसाठी त्याचा उपयोग करून घेतला, हेही खरे. पण या गूढाची मुळे त्यांच्या विनोदबुद्धीत नव्हेत, तर ज्या समाजव्यवस्थेत ते जन्मले तिच्या कागदपत्रांतील उपेक्षेत आहेत, ही गोष्ट बहुतेक जुन्या लेखनात सुटून जाते.

बालपण व टोपणनाव : वडील जॉन माळीकाम करीत, आई लूला धुणी धुऊन संसाराला हातभार लावी. बारा भावंडांत लेरॉय सातवे, असे बहुतेक चरित्रकार मानतात. लहानपणी मोबीलच्या रेल्वे स्थानकावर ते प्रवाशांचे सामान वाहत. ‘सॅचेल’ (हातातली प्रवासी पिशवी) हे टोपणनाव तिथे पडले, याबद्दल दुमत नाही; मतभेद आहे तो प्रसंगाबद्दल. पेज यांच्या सांगण्यानुसार एका फेरीत अधिक सामान नेता यावे म्हणून त्यांनी काठीला दोऱ्यांनी पिशव्या टांगायची युक्ती काढली आणि मुले त्यांना चिडवू लागली. त्यांच्या एका बालमित्राच्या म्हणण्यानुसार पिशवी चोरताना ते पकडले गेले, त्यावरून हे नाव पडले. दोन्ही बाजूंना समकालीन लेखी आधार नाही.

जुलै १९१८ मध्ये, बारावे वर्ष नुकतेच पुरे झाले असताना, दुकानातून खेळण्यातल्या अंगठ्या उचलल्याबद्दल आणि शाळा बुडवण्याबद्दल त्यांची रवानगी माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. ही संस्था अलाबामातील कृष्णवर्णीय महिला मंडळांच्या महासंघाने स्थापन केली होती आणि टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत शिकलेल्या कॉर्नेलिया बोवेन यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. मुलांना तुरुंगात मोठ्या गुन्हेगारांबरोबर राहावे लागू नये, हा तिचा हेतू. तेथील प्रशिक्षक एडवर्ड बर्ड यांनी लांब हातापायांच्या या मुलाला पिचिंगची शास्त्रशुद्ध बैठक दिली. पुढचा पाय उंच फेकून बॅटरची नजर अडवणे आणि हात पूर्ण पुढे आल्यावर अगदी शेवटच्या क्षणी चेंडू सोडणे, ही पेज यांच्या शैलीची दोन्ही अंगे तिथलीच. डिसेंबर १९२३ मध्ये त्यांची सुटका झाली. त्या साडेपाच वर्षांच्या मोबदल्यात आपल्याला पिचिंग मिळाले, असा भाव त्यांच्या आत्मकथनात आढळतो.

नीग्रो लीगमधील वर्षे : मोबील टायगर्स या हौशी-व्यावसायिक संघातून १९२६ मध्ये ते चॅटनूगा ब्लॅक लुकआउट्सकडे गेले. महिन्याचा पगार ठरला, त्यातला मोठा भाग परस्पर आईकडे जाई, असे सांगितले जाते. १९२७ पासून ते बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून नीग्रो नॅशनल लीगमध्ये खेळू लागले. १९३१ मध्ये ते पिट्सबर्ग क्रॉफर्ड्समध्ये आले. संघमालक गस ग्रीनली यांचा मुख्य धंदा आकड्यांच्या बेकायदा जुगाराचा होता, पण कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलला त्या मंदीच्या काळात आर्थिक आधार मिळाला तो बराचसा त्यांच्यामुळे. त्यांनी संघासाठी स्वतःचे मैदानही बांधले (१९३२). जॉश गिब्सन, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्स्टन, ज्यूडी जॉन्सन आणि पेज असे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले पाच खेळाडू या संघात एकत्र होते.

४ जुलै १९३४ रोजी याच मैदानावर होमस्टेड ग्रेज संघाविरुद्ध पेज यांनी एकही हिट (बॅटरला बेस मिळवून देणारा फटका) न देता सतरा बॅटर स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. त्याच वर्षी नीग्रो लीगमधील निवडक खेळाडूंच्या ईस्ट-वेस्ट सामन्यात ते (नऊ डावांपैकी) सहाव्या डावात पिचिंगला आले आणि पूर्व संघ १-० असा जिंकला. हंगाम संपल्यावर सेंट लुईसचे गोरे पिचर डिझी डीन यांच्या संघाबरोबर त्यांनी दौरा केला. डीन त्या वर्षी मेजर लीगमधील सर्वांत नावाजलेले पिचर होते आणि पेज आपल्यापेक्षा सरस आहेत, असे ते उघडपणे सांगत.

करार पाळण्याच्या बाबतीत पेज यांची ख्याती चांगली नव्हती. जिथे पैसे अधिक तिथे ते जात. या वर्तनाबद्दल जुन्या लेखकांनी त्यांना दोष दिला आहे. परंतु बाजारात सर्वाधिक मागणी असलेल्या आणि तरीही खेळाच्या मुख्य बाजारपेठेत पाऊल ठेवण्यास मनाई असलेल्या कारागिराने आपल्या मेहनतीचे मोल मिळेल तिथून घेतले, असेच याकडे पाहणे न्याय्य ठरेल.

असाच एक करार त्यांना नॉर्थ डकोटातील बिस्मार्क येथे घेऊन गेला (१९३३ व १९३५). मोटारविक्रेते नील चर्चिल यांनी तिथे गोरे आणि कृष्णवर्णीय यांचा मिश्र संघ जमवला होता, मेजर लीगमधील वर्णभेद संपण्याच्या बारा वर्षे आधी. १९३५ मध्ये विचिटा येथे भरलेली पहिली नॅशनल बेसबॉल काँग्रेस स्पर्धा या संघाने जिंकली. पेज यांनी तीत चार सामने जिंकले आणि साठ बॅटर स्ट्राइक-आउट केले.

१९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाचे हुकूमशहा राफाएल त्रुहियो यांच्या नावाने राजधानीत उभ्या केलेल्या संघासाठी पेज यांना आणि त्यांच्यामार्फत क्रॉफर्ड्सच्या अनेक खेळाडूंना मोठी रक्कम देऊन नेण्यात आले. संघ विजेता ठरला. पेज यांनी आठ सामने जिंकले, दोन हरले. निर्णायक सामन्याच्या वेळी मैदानाभोवती बंदूकधारी शिपाई उभे होते आणि हरलो असतो तर जिवंत परतलो नसतो, असे वर्णन पेज पुढे करीत. राजवट क्रूर होती यात शंका नाही. तरी तेथील वृत्तपत्रे पाहिलेल्या अभ्यासकांचा कल हे वर्णन बरेच रंगवलेले मानण्याकडे आहे. क्रॉफर्ड्सचा दबदबा या प्रकरणानंतर संपला.

हाताचे दुखणे : ग्रीनलींनी पेज यांचा करार न्यूअर्क ईगल्सला विकला, पण ते तिकडे न जाता मेक्सिकोत गेले (१९३८). तिथे त्यांचा उजवा हात अचानक निकामी झाला. वेदनेमुळे तो खांद्याच्या वर जाईना. वर्षानुवर्षे उन्हाळ्यात उत्तरेला आणि हिवाळ्यात कॅलिफोर्निया वा कॅरिबियन प्रदेशात, विश्रांतीविना केलेल्या पिचिंगचा हा परिणाम असावा. कारकीर्द संपली असेच सर्वांनी गृहीत धरले असताना कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्यांना दुय्यम संघात घेतले, केवळ नावावर प्रेक्षक यावेत म्हणून. १९३९ च्या हंगामात हात पूर्ववत झाला. त्याचे वैद्यकीय कारण समाधानकारकपणे नोंदलेले नाही. मालिश करणारे, गरम पाणी आणि विश्रांती यांना श्रेय दिले जाते. लगेच येणाऱ्या हिवाळ्यात प्वेर्तो रीकोतील गुआयामा संघाकडून त्यांनी १९ सामने जिंकले, ३ हरले आणि २०८ बॅटर स्ट्राइक-आउट केले.

शैली व तंत्र : दुखण्यापूर्वीचे आणि नंतरचे पेज हे तंत्राच्या दृष्टीने दोन वेगळे पिचर आहेत. पूर्वार्धात त्यांची भिस्त जवळजवळ पूर्णपणे वेगावर होती. चेंडूंना ते ‘बी बॉल’, ‘जंप बॉल’, ‘ट्रबल बॉल’, ‘मिडनाइट रायडर’ अशी नावे देत, पण ती बहुतेक एकाच वेगवान चेंडूची रूपे होती, असे त्यांच्याबरोबर खेळलेल्या कॅचरांच्या (पिचरचा चेंडू झेलणारे) आठवणींवरून दिसते. त्या काळात वेग मोजण्याची विश्वसनीय साधने वापरात नसल्याने त्याचा आकडा देता येत नाही. १९३९ नंतर कर्व्ह (वळणारा चेंडू), मंद चेंडू, हाताचे बदलते कोन आणि बॅटरची लय मोडणारे विराम यांची भर पडली.

वेगाहूनही विलक्षण होते ते नियंत्रण. पिचर साठ फूट सहा इंचांवरून बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या सतरा इंच रुंदीच्या प्लेटवरून चेंडू टाकतो आणि क्रिकेटमधल्यासारखा टप्प्याचा आधार त्याला नसतो. पेज सरावाच्या वेळी प्लेटऐवजी च्युइंगगमचे वेष्टन ठेवून त्यावरून चेंडू टाकत. १९४८ च्या चाचणीतही त्यांनी क्लीव्हलंडच्या लोकांना हे कसब दाखवले. त्या वेळी खुणेसाठी नेमके काय ठेवले होते, सिगारेट की रुमाल, याबाबत कथने भिन्न आहेत.

त्यांच्या तंत्रातील सर्वाधिक चर्चिलेला भाग म्हणजे ‘हेझिटेशन पिच’. सामान्यतः पिचरचा पुढचा पाय जमिनीवर टेकताच धड वळते आणि त्याच ओघात चेंडू सुटतो. बॅटर आपला झोका या पायावर बेततो. पेज पाय टेकवत, पण हात मागेच क्षणभर थांबवत आणि मग चेंडू सोडत. धडाची गती थांबलेली असताना केवळ हाताने चेंडूला वेग द्यायचा, हे खांद्यावर मोठा ताण आणणारे काम आहे आणि फार थोड्यांना ते साधले. याचे मूळ पेज यांनी मोबीलमधल्या लहानपणीच्या दगडफेकीत सांगितले आहे : हात थांबवला की समोरचा मुलगा आधीच खाली वाकतो आणि मग उभा राहताना सापडतो. काही लेखक ते माउंट मेग्जमधील शिक्षणाशी जोडतात. हा चेंडू नियमितपणे वापरल्याचे उल्लेख कारकिर्दीच्या उत्तरार्धात वाढतात, हे पाहता कल्पना बालपणीची असली तरी तिला शस्त्राचे रूप हात दुखावल्यानंतर आले असावे, हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

९ जुलै १९४८ रोजी पेज यांनी मेजर लीगमधील पहिल्याच सामन्यात हा चेंडू सेंट लुईस ब्राउन्सच्या व्हायटी प्लॅट यांना टाकला. ते इतके फसले, की बॅट हातातून निसटून तिसऱ्या बेसच्या (धावपटूच्या मार्गातील थांबा) दिशेने उडाली. ब्राउन्सच्या व्यवस्थापकांनी आक्षेप घेतला, पंचांनी तो फेटाळला. पुढे अमेरिकन लीगचे (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) अध्यक्ष विल हॅरिज यांनी हा चेंडू बेकायदा ठरवला. पिचरने चेंडू टाकण्याची नैसर्गिक हालचाल सुरू केली की ती अखंड पूर्ण केली पाहिजे, या नियमाचा आधार घेण्यात आला. बेसवर धावपटू असताना हालचाल तुटली तर ‘बॉक’ होऊन धावपटूंना एक बेस पुढे जाता येते. मात्र हा नियम मुख्यतः धावपटूंची फसगत होऊ नये म्हणून आहे आणि पेज यांचा विराम बॅटरसाठी होता. हॅरिज यांचा निर्णय नियमाच्या शब्दांना धरून असला, तरी त्याच्या हेतूपलीकडे जाणारा होता, असे म्हणावे लागते.

मोनार्क्स ते क्लीव्हलंड : १९४२ च्या नीग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये (अंतिम विजेतेपदाची मालिका) मोनार्क्सने ग्रेजना सरळ चार सामन्यांत हरवले. दुसऱ्या सामन्यात पेज यांनी सर्व बेस भरलेले असताना जुने सहकारी गिब्सन यांना तीन चेंडूंत बाद केले. गिब्सन यांच्याशी गाठ पडावी म्हणून आधीच्या बॅटरांना मुद्दाम ‘वॉक’ (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) देऊन बेस भरले, अशी कथा पेज व मोनार्क्सचे बक ओनील यांनी लोकप्रिय केली. समकालीन वृत्तांतांशी तिचा मेळ बसत नाही.

ब्रुक्लिन डॉजर्सनी १९४५ मध्ये करारबद्ध केले ते मोनार्क्सच्याच जॅकी रॉबिन्सन यांना. वीस वर्षे गोऱ्या प्रेक्षकांसमोर कृष्णवर्णीय बेसबॉलची योग्यता सिद्ध करणारे आपण असताना पहिला मान दुसऱ्याला मिळाला, हे दुःख पेज यांनी लपवले नाही. १९४६ मध्ये क्लीव्हलंडचे गोरे पिचर बॉब फेलर यांच्या संघाबरोबरच्या विमानदौऱ्याने त्यांचे नाव पुन्हा राष्ट्रीय वृत्तपत्रांत आले आणि ७ जुलै १९४८ रोजी, बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलंडने त्यांच्याशी करार केला. ‘स्पोर्टिंग न्यूज’ या वजनदार साप्ताहिकाने हा प्रसिद्धीचा खटाटोप असल्याची टीका केली. उत्तर मैदानावर मिळाले. ३ ऑगस्टला वॉशिंग्टनविरुद्ध ७२,४३४ प्रेक्षक आले. १३ ऑगस्टला शिकागोत त्यांनी ५-० असा सामना जिंकून दिला. २० ऑगस्टला क्लीव्हलंडमध्ये ७८,३८२ प्रेक्षकांसमोर पुन्हा शिकागोलाच १-० असे रोखले. हंगामात सहा विजय, एक पराभव. नऊ डावांमागे अर्जित (पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या) धावांची सरासरी २.४८ (कमी तितकी चांगली). क्लीव्हलंडने त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज जिंकली. पाचव्या सामन्यात दोन बॅटर बाद करण्यापुरतेच पिचिंग त्यांच्या वाट्याला आले, तरी वर्ल्ड सिरीजमध्ये पिचिंग करणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

१९५१ ते १९५३ ते व्हीक यांच्याच सेंट लुईस ब्राउन्सकडे होते. त्या दुबळ्या संघाकडून १९५२ मध्ये त्यांनी बारा सामने जिंकले. ६ ऑगस्टला डेट्रॉइटविरुद्ध बारा डाव एकट्याने टाकून १-० असा मिळवलेला विजय, वय लक्षात घेता, त्यांच्या मेजर लीगमधील सर्वांत मोठा पराक्रम मानावा. १९५२ व १९५३ मध्ये ऑल-स्टार (लीगमधील निवडक खेळाडूंच्या) संघात निवड झाली. नंतर १९५६ ते १९५८ मायामी मार्लिन्स या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पातळीवरील) संघात.

२५ सप्टेंबर १९६५ रोजी कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सचे मालक चार्ली फिन्ली यांनी पेज यांना बॉस्टनविरुद्ध उतरवले. फिन्लींनी मैदानालगत डुलती खुर्ची आणि परिचारिका ठेवून या प्रसंगाचा तमाशा केला होता. ५९ वर्षे ८० दिवसांच्या पेज यांनी अठ्ठावीस चेंडूंत तीन डाव टाकले, एकही धाव दिली नाही. एकमेव हिट कार्ल यास्ट्रेम्स्की यांची. मेजर लीगच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना १५८ दिवस कमी पडत होते. १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने ती अट पुरी व्हावी म्हणून त्यांना संघात घेतले.

सन्मान व मृत्यू : १९६६ मध्ये बॉस्टनचे नामवंत बॅटर टेड विल्यम्स यांनी हॉल ऑफ फेममधील स्वतःच्या सन्मानप्रसंगी पेज आणि गिब्सन यांची नावे घेऊन संधी न मिळालेल्या नीग्रो लीग खेळाडूंना तिथे स्थान द्यावे, असे आवाहन केले. १९७१ मध्ये नेमलेल्या विशेष समितीने सर्वप्रथम पेज यांची निवड केली. सुरुवातीला या खेळाडूंसाठी वेगळे दालन ठेवण्याचा बेत होता. वृत्तपत्रांतून तीव्र निषेध झाल्यावर तो मागे घेण्यात आला आणि ९ ऑगस्ट १९७१ रोजी पेज पूर्ण सदस्य झाले. कॅन्सस सिटी (मिझूरी) येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी तेथील एका मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले होते.

आकडेवारी : सुमारे अडीच हजार सामने, दोन हजार विजय आणि पन्नासहून अधिक ‘नो-हिटर’ (एकही हिट न दिलेले सामने) असे दावे पेज स्वतः करीत. यांतील बहुसंख्य सामने गावोगावच्या दौऱ्यांतले. तिथे ते अनेकदा प्रेक्षकांसाठी दोन-तीन डावच टाकत. दावे तपासण्याची सोय नाही, पण चार दशके जवळजवळ बारमाही खेळणाऱ्या माणसाच्या बाबतीत सामन्यांचा आकडा अशक्य कोटीतला नाही. विजयांच्या आकड्याला मात्र आधार देता येत नाही.

अधिकृत हिशेबात दीर्घकाळ त्यांच्या नावावर मेजर लीगमधील २८ विजय, ३१ पराभव आणि २८८ स्ट्राइक-आउट एवढेच होते. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा देण्यात आला आणि मे २०२४ मध्ये जुन्या वृत्तपत्रांतून जुळवलेली त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. यामुळे पेज यांचे विजय १२५ च्या घरात गेले आणि १९४४ मधील १.०१ ही त्यांची अर्जित धावांची सरासरी एका हंगामाच्या सर्वकालीन यादीत तिसऱ्या स्थानी आली. नीग्रो लीगच्या त्या काळातील नोंदींपैकी सुमारे तीन-चतुर्थांशच हाती लागल्या असल्याचा संबंधित समितीचा अंदाज असल्याने हे आकडे पुढेही बदलत राहतील. बिस्मार्क, डोमिनिकन प्रजासत्ताक, प्वेर्तो रीको आणि डीन व फेलर यांच्याबरोबरचे दौरे या बेरजेत धरलेले नाहीत.